ठोकून ऐकणे

बढतीचा कागद आला त्या दुपारी
अजनी शेडच्या कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं,
"बाई तं बोलतच नाही, शेड चालवन कशी?"
मी मागच्याच टेबलावर होते.
पोह्यांवर आणखी थोडी तर्री घेतली.

आधीचे साहेब, बावनकर,
तीन नंबरच्या पिटवरून ओरडले
की पाच नंबरच्या पिटमधला पाना थांबायचा.
मीही घरी आरशासमोर करून पाहिलं :
"मंडळी, आजपासून..."
भिंतीवरची पाल ट्यूबलाइटमागे निघून गेली.

मग मी चिठ्ठ्या लिहायला लागले.
जुन्या रिपोर्टांच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीने :
गजभिये, कालचे ब्रेक ब्लॉक छान बसले.
इरफान, आईचं ऑपरेशन गुरुवारी ना? रात्रपाळी मी बदलते.
दिवाळीत लॉकर रंगवायला काढले
तेव्हा एका दाराच्या आत चिकटवलेली दिसली एक,
तिच्यावर ग्रीसचा अंगठा.
मी दार लोटून घेतलं.

शिकाऊ होते तेव्हा ढोबळे मिस्त्रींनी
हातात छोटी हातोडी दिली होती.
"बोल्ट ठोक अन् चूप राह्य.
घट्ट असन तं टण्ण म्हनते.
आतून तडकला असन तं भद्द.
तूच बोलत राहिली तं ऐकू कसं येईन?"

मे महिना. रात्रीचे दोन.
पत्र्यातून दुपारच्या शेहेचाळीस डिग्री
अजून खाली गळतायत.
मी पिटच्या कडेने जाते, प्रत्येकापाशी विचारते,
"काही राहिलं का?"
"नाही जी, सब ओके."
विचारायला एक सेकंद लागतो.
मी तिथेच उभी राहते.
पहिले पंधरा दिवस पोरं घड्याळाकडे बघायची,
माझ्याकडे बघायची,
एकाला वाटलं मला चक्कर येतेय, त्याने पाणी आणलं.

सतराव्या की अठराव्या रात्री
रोहिदास कोहाड, सगळ्यात लहान,
हात पुसत, पुसलेले पुन्हा पुसत :
"म्याडम, त्या चौथ्या एक्सलपाशी... आवाज जरा...
नाही, मलेच वाटलं असन."
इंजिन पाचला सुटायचं होतं.
कंट्रोलचा फोन आला. मी म्हटलं, "नाही."
"कारण?"
"आवाज बदललाय."
पलीकडे कोणीतरी हसलं, रिसीव्हरवर हात न ठेवता.
साडेचारला सापडली,
केसाएवढी भेग.

इथे कविता संपवली असती तर मला बरं दिसलं असतं.

पण ढोबळे मिस्त्रींची इटारसीला बदली ठरली
त्या मीटिंगलाही मी होते.
रिटायरमेंटला दोन वर्षं, बायकोचं डायलिसिस मेडिकलला.
वाक्य तयार होतं माझं.
मनात एकदा खोडलं, शब्द बदलला, पुन्हा खोडलं.
ते नीट होईस्तोवर
सह्या होऊन चहा आला होता.
मी बिस्किटही घेतलं.

स्टेशनवर त्यांनी जुन्या सुती चिंध्यांत
गुंडाळलेली हातोडी माझ्या हातात ठेवली.
दोघंही काही बोललो नाही.
त्या दिवशी मला ते आवडलं नाही, आमचं न बोलणं.

तेव्हापासून मीटिंगला जाताना
तळहातावर एकच वाक्य लिहून नेते
आणि खुर्ची ओढायच्या आधी बोलून टाकते.
आवाज कापतो. कापू दे.
घामाने अक्षरं पसरायच्या आत
ते बाहेर पडलेलं बरं.

परवा शेडचा वार्षिक दिवस झाला.
"म्याडम, दोन शब्द."
शंभर-सव्वाशे चेहरे, दोन मोठे कूलर घरघरतायत,
हातातला कागद घामाने मऊ.
माईकसमोर तोंड उघडलं
आणि सवयीने निघून गेलं,
"काही राहिलं का?"

सगळा हॉल हसला.
मी उभी राहिले तिथेच. मला तेवढं येतं.
मागच्या रांगेतून कोहाडचा हात वर आला.
"म्याडम, डावीकडच्या कूलरमधलं पाणी संपलं."

हसू ओसरायच्या आत
मी बादली शोधत होते.