दिंडीदरवाजा

जूनमधले साडेपाच, आणि पुंता अरेनासला रात्र पडलेली.
सामुद्रधुनीवरून वारा असा येतो
की गोदीच्या फाटकाला पाठ लावून बसलेला बार्रीया
मान न वळवता, नुसता खोकला ओळखून दार उघडतो.
मोठं फाटक नाही, त्यातली दिंडी.
एका वेळी एक माणूस, थोडा वाकून.

वर पोटमाळ्यावरच्या खोलीत यास्ना
पडद्यावरची तीच ओळ सहाव्यांदा वाचते:
परवाना सर्व्हरशी संपर्क होत नाही.
पत्रा कापायच्या यंत्राला कुठे ठाऊक
की एक जुलैला खेकड्यांचा हंगाम उघडतो,
की 'दोन्या एर्मिंदा'च्या बुडाला हातभर भगदाड आहे
आणि तिचे चार खलाशी सकाळपासून
खालच्या शेगडीशी गप्प बसून आहेत.
यंत्राला एवढंच विचारायचंय:
मी रीतसर विकत घेतलेला आहे ना?
आणि हो म्हणणारा बसलाय सान्तियागोत,
दोन हजारांवर किलोमीटर वर.

खिडकी क्रमांक सत्तावीस हजार उघडी आहे.
तिने स्वतः उघडली, दोनदा तपासली.
हाक जाते, ओ येते,
मग काहीच नाही.
चौदाव्या पानाच्या तळटीपेत सापडतं:
पहिली खिडकी फक्त पत्ता सांगते.
खरा कारकून आत वेगळ्याच खिडकीत बसतो
आणि दर वेळी उठला की जागा बदलतो.
यास्नाला हसू येतं.
असा एक नगरपालिकेत आहे.

जिन्यातून मालकाचा आवाज:
अगं, फायरवॉलच बंद कर ना पाच मिनिटं!

पाच मिनिटं म्हणजे किती, ते यादीत आहे.
ती खाली खाली जाते, एकोणिसाव्या ओळीशी थांबते.
"तात्पुरतं. इवोच्या लॅपटॉपसाठी. सोमवारी काढणे. एलादियो."
तो सोमवार अकरा वर्षांपूर्वीचा.
इवो आता नॉर्वेत.
एलादियो इथल्याच दफनभूमीत, कातरलेल्या सायप्रसांखाली.
दार मात्र तेव्हापासून सताड.
कुणी आलं-गेलं नाही, मोजणी शून्य दाखवते.
किंवा आलं असेल, मोजणी सुरू व्हायच्या आधी.

ती सान्तियागोला फोन लावते.
त्या कारकुनाला एका खुर्चीत बसवा, म्हणते,
परवान्याच्या फाइलीत आकडा घाला,
कुठला ते मला सांगा, आणि मग हलवू नका.
पलीकडे बेल्त्रान नावाचा पोरगा जांभई देत टाइप करतो.
एक्कावन्न हजार दोनशे चार.
आकडा ती आधी तळहातावर लिहिते, मग नियमात.
इथून तिथे, त्या एकाच पत्त्यावर, बस.
पुढे कारण, तारीख, आपलं पूर्ण नाव.

खाली काहीतरी घरघरतं.
निळी ठिणगी जिन्यापर्यंत उजळते
आणि कुणीतरी खलाशी शिवी देतो, आनंदाची.

एकोणिसावी ओळ अजून तिथेच.
यास्ना बराच वेळ तिच्यावर बोट ठेवून बसते.
दार लावते.
टीप पुसत नाही.
आज गुरुवार आहे, तरी खाली लिहिते:
झाला सोमवार.

सातला ती फाटकाशी येते.
घसा खवखवतोय, पण मुद्दाम खोकत नाही.
बार्रीया थर्मासचं झाकण लावतो, थबकतो.
कोण?
ती नाव सांगते. पूर्ण.