आवक-जावक

दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला पाणी लागलं
तर आमच्या पंचवटीत कुणी खिडकीही लावत नाही.
गुडघ्याला लागलं की भांडीबाजारात
खालच्या फळीवरची पातेली वरच्या फळीवर जातात.
मग कंबर. मग छाती.
नारोशंकराच्या घंटेपर्यंतचं पाणी
म्हातारी माणसं सांगतात तेव्हा आवाज खाली आणतात.

ह्यांचंही घोट्यापासूनच सुरू झालं.
चपलेचा पट्टा रुतायला लागला,
मोज्याची कड पोटरीवर उमटून राहायची.
मी म्हटलं, उभं राहून होत असेल.
कोण उभं राहत होतं?
रिटायर होऊन नऊ वर्षं झालेली.
संक्रांतीला एका उशीच्या दोन झाल्या, होळीला तीन.
एका रात्री अडीचला हे गॅलरीत जाऊन बसले,
बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखे
तोंडानं हवा ओढत.
पाणी छातीला लागलं होतं
आणि भोंगा वाजलाच नव्हता.

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात
डॉक्टर टिळेकर बाईंनी रिपोर्टच्या पाठीवर
हृदय काढलं. चार खोल्या, मधल्या झडपा, बाण.
"पंपिंग अठ्ठावीस टक्के."
"शंभरातले?"
"साठातले समजा, मावशी. शंभर कुणाचंच नसतं."
ते ऐकून मला का कोण जाणे बरं वाटलं.
हे मात्र पेन मागून एक बाण नीट करत बसले.
गंगापूर धरणाच्या दरवाजांवर एकतीस वर्षं काढलेला माणूस.
म्हणाले, "उलटं पाणी जातं तेव्हा
दरवेळी दरवाजाच वाईट नसतो.
भिंत फाकली तरी दरवाजा बसत नाही."
बाई हसल्या नाहीत.
"बरोबर. तुमची भिंतच फाकलीय.
जुना ॲटॅक आहे. कळला नव्हता?"

कळला होता.
त्या ऑगस्टात वर लाइट गेली,
हँडल हातानं फिरवून दरवाजा उचलला.
डावा हात दुखला. दुखणारच.
छातीत जळजळलं, सोडा प्यायले.
सकाळी घरी आले, आंघोळ केली,
दोन घास खाऊन आडवे झाले.
मी पांघरूण घातलं.
त्या झोपेत स्नायूचा एक तुकडा मरत होता
आणि मी शेजारी बसून गवार निवडत होते.

आता घरात वही आहे, सरकारी सवयीनं आखलेली:
आवक, जावक, पातळी, शेरा.
सकाळी सहाला काट्यावर. चौसष्ट तीनशे.
दिवसाला सव्वा लिटर, तांब्यानं मोजून,
त्यातच चहा, त्यातच आमटी.
लघवीच्या गोळीनंतर बारापर्यंत विसर्ग.
दोन दिवसांत दोन किलो चढलं तर फोन करायचा,
बाईंनी लाल पेनानं लिहून दिलंय.
ह्यांनी त्यापुढे लिहिलं: धोक्याची पातळी.
परवाच्या शेऱ्यात होतं,
"लोणच्याचा वास घेतला. खाल्लं नाही."

हजारो क्युसेक सोडणारा माणूस
रात्री अर्धी वाटी पाण्यासाठी माझ्याशी भांडतो.
मी जिंकते.
मग स्वयंपाकघरात जाऊन,
भांड्याचा आवाज होऊ न देता,
भिंतीकडे तोंड करून
मी माझं पाणी पिते.

आज भाजी घेऊन येताना पुलावर थांबले.
मारुतीच्या गुडघ्याला जेमतेम पाणी.
पोरं मोबाइलवर फोटो काढत होती.
घरी आले, हे पेपर वाचत होते.
न विचारता पाय मांडीवर घेतला,
नडगीवर अंगठा दाबून धरला, सोडला.
खळगा पडला.
हे पेपरमधून मान वर न काढता मोजू लागले,
मीही मोजू लागले, मनात,
म्हणजे आकडा जुळतो का ते कळावं.
एक, दोन, तीन,
चार.
काल सहापर्यंत गेलो होतो.