विगमन

तार्तूत, तिसऱ्या मजल्यावर, हीटरशेजारच्या बाकावर
मी उतरवून घेते:
पहिल्या पायरीला खरं आहे.
कुठल्याही पायरीला खरं असेल, तर पुढच्या पायरीलाही.
म्हणजे सगळ्यांना. अनंतापर्यंत.
सेप्मान सर फळ्यावर चौकोन काढतात, खडूने भरतात,
हात झटकतात. झालं.

माझा बाप हियुमा बेटावर समुद्र मोजतो.
गोठला की, दर दोनशे पावलांवर
गिरमिट फिरवून भोक पाडतो,
पट्टी घालतो: बावीस सेंटिमीटर. तेवीस.
मग खूण. मग पुढचं भोक.
त्या रस्त्यावर गाडीत पट्टा बांधायचा नसतो,
बर्फ फुटलं तर बाहेर उडी मारता यावी.

फोनवर त्याला सिद्धता सांगितली.
बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, "मागचं पक्कं निघालं
म्हणून पुढचं मी कधी गाळलं नाही."

अरे बाबा, तेच तर!
त्या एका 'तर'साठीच
कालची अख्खी रात्र गेली माझी.

यंदा समुद्र गोठलाच नाही.
पहिली पायरीच नाही.
गिरमिट शेडमध्ये, तेल लावून.
आणि माझ्या वहीत ती दुसरी ओळ
अजून खरी,
कुणाचंच वजन न पेलता.