दारं

पहिल्या दिवशी तिनं वर्ग पाहिले नाहीत.
सरळ मुलांच्या संडासात गेली
आणि बाहेर येऊन मला म्हणाली,
"मिस्टर हृबिक, दारं कुठायत?"

दारं तळघरात होती, बॉयलरच्या मागे,
सहा वर्षं एकावर एक रचलेली.
आधीच्या कुणा साहेबानं काढायला लावली होती,
आत पोरं सिगरेटी ओढतात म्हणून.
तेव्हापासून पोरं दिवसभर कळ दाबून बसायची
आणि दोनच्या सुमाराला
काही कारण नसताना एकमेकांच्या अंगावर जायची.
अहवालात त्याला वर्तनसमस्या म्हटलेलं होतं.

रात्री साडेनवापर्यंत आम्ही अकरा दारं बसवली.
कोट काढून तिनं बिजागऱ्या धरल्या, मी स्क्रू पिळले.
नाव अर्नेस्टीन मेब्री. ही तिची तिसरी बुडती शाळा,
यंग्सटाउनच्या पूर्वेला,
पोलादाची भट्टी विझून एक पिढी उलटलेल्या गल्लीत.

पहिलीबद्दल ती बोलायची नाही.
दुसरी टोलेडोची.
तिथं चार वर्षं निकाल चढत गेला
आणि पाचव्या वर्षी बोर्डानं इमारतच विकली.
"आता तिथं गाद्या विकतात," ती म्हणाली,
"माझ्या ऑफिसात डबल बेड आहे, सवलतीत."
हसली. मग स्क्रूड्रायव्हर मागितला.

सकाळी सात वाजता, उणे पंधरात,
थर्मास घेऊन फाटकाशी उभी राहायची.
चारशे बारा नावं. टव्हॅरिस नावाच्या पोरानं
तिला तीन आठवडे खोटंच नाव सांगितलं
आणि तिनं ते रोज, प्रेमानं, चुकीचंच उच्चारलं,
शेवटी त्यालाच राहवेना.

डनलेव्ही मास्तर फळ्याच्या कोपऱ्यात
निवृत्तीला उरलेले दिवस लिहायचा.
ती काही बोलली नाही. महिनाभर
त्याच्या तासाला शेवटच्या बाकावर बसली,
गुडघे पोटाशी घेऊन,
अपूर्णांकांचा गृहपाठ केला, वही दिली.
त्यानं दहापैकी सात दिले.
ती भांडून अर्धा मार्क वाढवून घेऊन आली.
तो आकडा नंतर फळ्यावरून कधी गेला
मला सांगता येणार नाही. फळा मीच पुसतो,
तरी.

आता केल्व्हॉनचं सांगायला हवं.
कँटीनमध्ये त्यानं खुर्ची फेकली,
तिनं त्याला दहा दिवस घरी बसवलं. नियमानुसार.
अकराव्या दिवशी तो आला नाही.
ती त्याच्या घरी गेली, कुलूप होतं,
शेजारीण म्हणाली, गेले, कुठं ते माहीत नाही.
त्याचा एक हातमोजा हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात सापडला.
तो तिनं ऑफिसच्या खुंटीवर अडकवला
आणि त्यावर कुणाला कोट टांगू दिला नाही.

सहाव्या वर्षी राज्याची माणसं फलक घेऊन आली.
फोटो झाले. एकानं विचारलं,
"मॅडम, गुपित काय?"
ती खुंटीकडे बघत राहिली, इतका वेळ
की त्या माणसानं वहीत काहीतरी लिहून टाकलं.

मागच्या जूनमध्ये किल्ल्या माझ्या हातात दिल्या.
जाताना पुन्हा त्याच संडासात शिरली,
एकेक दार लावून, उघडून पाहिलं.
अकरावं थोडं घासतं.
"बघतो उद्या," मी म्हटलं.
हातमोजा तिनं पर्समध्ये ठेवलेला मी पाहिला.

मला वाटलं, आता घरी बसेल, टोमॅटो लावेल.
काल पत्र आलं, पेनसिल्व्हेनियातून, नदीकाठच्या गावातून.
एकसष्टाव्या वर्षी चौथी शाळा.
दोनच ओळी:
इथं दारं आहेत.
कड्या नाहीत.

मी खाली जाऊन जुना कॉफीचा डबा उपडा केला.
नऊ निघाल्या, दोन गंजलेल्या.
किती हव्यात, ते तिनं लिहिलेलं नाही.