पिन

आमचं इंजिन माझ्याहून चार वर्षांनी मोठं.
निळं होतं म्हणे. आता जिथे हात लागतो तिथे ॲल्युमिनिअम
आणि जिथे लागत नाही तिथे मीठ.
सुरू पेट्रोलवर करायचं, तापलं की रॉकेलवर न्यायचं;
घाई केली तर खोकून बंद पडतं,
मग दोरी ओढत बसा.

बाबांचा खांदा दोन वर्षांपूर्वी गेला.
तेव्हापासून दोरी माझ्याकडे, कान त्यांच्याकडे.

आठवडाभर मी चेंबूरला औषधाच्या दुकानात
लोकांना सांगते : जेवणाआधी, जेवणानंतर.
शनिवारी रात्री ओट्यावर पेपर पसरून
कार्बोरेटर उघडते.
जेटचं भोक केसाएवढं; ब्रशचा एकच तंतू
आत घालून फिरवायचा, मग तोंडाने फुंकायचं.
जिभेवर रॉकेल राहतं रविवारच्या चहापर्यंत.
आई विचारते, भांड्यांचं फडकं कुठाय?
आम्ही दोघंही ऐकत नाही.

सुटे भाग येणं बंद झालं.
नागदेवी स्ट्रीटला हकीमुद्दीनभाईंकडे एक पत्र्याचा डबा आहे,
त्यात कोपरापर्यंत हात घालून
ते डोळे मिटून तळ चाचपतात.
त्यांच्या मागे कंपनीचं जुनं कॅलेंडर,
वर्ष फाटलेलं, महिना कायम डिसेंबर :
गोठलेल्या तळ्यावर एक म्हातारा,
बाजूला बर्फावर पळायची गाडी, आमच्याच इंजिनाच्या नावाची,
आणि बर्फाला पाडलेल्या भोकात त्याचा गळ.
बाबा दर खेपेला नव्याने बघतात.
"गाडी जुनीच हाय त्याची पन. झाकण बघ, सुतळीनं बांधलंय."
आणि परतताना बसमध्ये, बऱ्याच वेळाने,
"बर्फाखाली भरती-ओहोटी होत असंल काय गो?"
मला माहीत नव्हतं.
माझ्या पर्समध्ये पितळेच्या तीन पिना होत्या,
डब्यातल्या शेवटच्या.

पुढचा रविवार भांगाचा. पाणी सुस्त,
खाडीत आमच्याशिवाय कोणी नाही.
ट्रॉम्बेच्या पुढे वळणावर पंखा कशात तरी घुसला,
पोतं, साडी, कुणाचं मखर, काय ते कळलं नाही,
इंजिन मोकाट किंचाळलं आणि होडी जागीच.
"पिन," बाबा म्हणाले, मागे वळूनही न बघता.

पिना घरी होत्या. ओट्यावर, त्या फडक्याखाली.

हत्यारांच्या डब्यात एक पोलादी खिळा सापडला.
पकडीने डोकं तोडलं. भोकात अगदी बेताचा.
"खिला नको."
"बसतोय, बाबा."
"बसंल. मोडनार नाय."
"मग चांगलंच की."
"पिन मोडायसाठीच असते गो पोरी.
ती नाय मोडली तर आतला गिअर जाईल.
त्यो तुला हकीमुद्दीनच्या बापाकडं पन मिलनार नाय."

एक वल्हं. एक धड खांदा, तो माझा.
ओहोटी अजून तासभर तरी उतरणार होती.
मी नांगर टाकला आणि खिळा हातात घेऊन बसले.
तो उन्हाने तापत गेला.
समोर रिफायनरीची चिमणी, तिच्यावर दिवसाही जळणारी ज्योत.
थर्माकोलच्या पेटीत पाच बोई, एक जिताडा,
आणि वीस रुपयांचा बर्फ, पाणी होत चाललेला.

बाबांनी झाकण काढलं.
बर्फाचा चुरा एका बोटाने बाजूला करत
मधोमध भोक पाडलं, बांगडीएवढं.
वाकून, कानटोपी घातल्यासारखे दोन्ही कान हातांनी झाकून,
गळाची दोरी त्यात सोडली.
कितीतरी वेळ हलले नाहीत.
तळाशी जिताड्याचा एक डोळा आमच्याकडे बघत होता.

"लागला," ते हळूच म्हणाले.

मी हसले ते इतकं, की खिळा हातातून सुटून
पाण्यात गेला. कुणी हळहळलं नाही.
नांगराची दोरी आधी सैल झाली, मग ताणली,
आणि होडीने आपणहून तोंड फिरवलं.