पिशवी

तीन वर्षं अंगावरून जातंय.
मराठीत असंच म्हणतात,
जशी एखादी गाडी जावी
आणि आपण रस्त्यात आडवे.

सोहारला, बंदराजवळ,
जहाजांना दोरखंड, कांदे, रंग पुरवणाऱ्या कंपनीत
मी हिशेब लिहिते.
खुर्ची राखाडी कापडाची.
तिच्यावर माझा काळा टॉवेल, टॉवेलखाली रबराचा चौकोन,
आणि कुणी विचारलंच तर पाठदुखी.
इथल्या बायकांच्या अबायाचा मला हेवा वाटतो.
काळा, पायघोळ,
कुणाला काही सांगत नाही.

गोळ्या झाल्या. कॉइल बसवली.
चौथ्या महिन्यात ती बाथरूमच्या फरशीवर पडली,
एवढीशी, पांढरी.
मी ती धुतली, कागदात गुंडाळली
आणि का कोण जाणे, कपाटात ठेवून दिली.
हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ.
जिन्यात दुसऱ्या मजल्यावर
मी फोन बघायचं सोंग करते.

मेमध्ये रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या.
कुणाचं, ते विचारलं नाही.
एखादा कोळी असेल, एखादा बंगाली गवंडी.
आठवडाभर ओठ गुलाबी होते.
मग तेही गेलं, अंगावरूनच.

डॉक्टर शम्सा कागदावर चित्र काढतात:
एक गाठ लिंबाएवढी,
बाकीच्या खजुरासारख्या, घोसाने.
मोडक्या हिंदीत म्हणतात, काढायलाच हवी असं नाही,
तीन-चार वर्षांत आपोआप थांबेल,
तोवर तग धरता येतो पुष्कळ जणींना.
किंवा काढू.
आणि पेन खाली ठेवतात.

कुणीतरी 'काढाच' म्हणायला हवं होतं.

दिगंबर तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, अठ्ठावीस दिवस.
फोनवर वारा जास्त, तो कमी.
'तू म्हणशील तसं,' म्हणाला.
चांगला आहे तो.
पण या तीन शब्दांना
माझ्याकडच्या बाजूलाच उतार आहे.

सुपरमार्केटात काउंटरवरचा पोरगा विचारतो,
पिशवी हवी?
मी इतका वेळ गप्प राहते
की तो दोन देतो.

आमच्याकडे ऑपरेशनला कुणी ऑपरेशन म्हणत नाही.
पिशवी काढली, म्हणतात.
मामाच्या कौसाची काढली सव्विसाव्या वर्षी.
ऊसतोडीला जायची, जोडीनं.
पाळीत खाडा, खाड्याला दंड,
मुकादम म्हणाला, वहिनी, कटकटच मिटवून टाका.
गावातल्या किती जणींची तशीच मिटली.
म्हणून हा शब्द ऐकला की
मला दवाखाना दिसत नाही,
कोयता दिसतो.

मंगळवारी रात्री तिला फोन लावला.
'तुला कोन म्हणलं काढ म्हणून?'
कुणी नाही गं. मीच ठरवतेय.
बराच वेळ नुसती कुत्री भुंकत होती तिकडची.
'आन् सुट्टी?'
सहा आठवडे.
'पगारी?'
हो.
'अगंबया,' म्हणाली. मग काहीच नाही.
मी पंधराव्या दिवशी मोळी उचलली होती,
असं तिनं म्हटलं नाही.
मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं
की मला माहीत आहे.

मग म्हणाली,
'जड उचलू नको. कळशीसुदीक नको.
मला कोनी सांगितलं न्हवतं.'

फॉर्मवर मी मराठीत सही केली.
लिसम्मा सिस्टरनं साक्षीची.
तारीख ऑडिटनंतरची घेतली, एकोणीस.
ठरवल्यावर हलकं वाटतं म्हणतात,
मला भूक लागली.
घरी येऊन उभ्याउभ्या दहीभात खाल्ला.

दाराशी पाणीवाला वीस लिटरची बाटली ठेवून गेलाय.
एरवी मीच उचलते,
गुडघ्यावर घेऊन, मशीनवर उलटी करते.
अजून बारा दिवस आहेत, उचलायला हरकत नाही.

तशीच राहू दिली.
शेजारचा मुलगा येईल संध्याकाळी.