सतरा नोव्हेंबर

रात्री अकरा अठ्ठावन्नला माझा कार्यक्रम असतो,
नव्वद सेकंदांचा.
आजच्या तारखेला रॉकच्या जगात काय काय घडलं.
प्रायोजक, गुडघेदुखीचं तेल.
ऐकणारेही आता त्याच वयाचे.

तारखा वहीत आहेत, महिन्यावार,
वाण्याच्या खात्यात उधारी असायची तशा.
कुणाची तबकडी निघाली,
कुणी भर मंचावर गिटार आपटून फोडली,
कुणाला हॉटेलच्या खोलीत सकाळी उठवायला गेले
तर तो उठलाच नाही.
मी वाचते हसऱ्या आवाजात.
मरणसुद्धा हसऱ्या आवाजात,
कारण लगेच जाहिरात असते.

सतरा नोव्हेंबरच्या पानावर तीन नोंदी आहेत,
तिन्ही दूरच्या, थंड शहरांतल्या.
चौथी पेन्सिलीनं लिहिलेली,
चौदा वर्षं वाचलेली नाही.

धोबीतलाव, रंगभवन, चौऱ्याऐंशी साल.
बँडचं नाव ‘काळी चार’,
कारण मधुसूदन धैर्यवानची आई त्याच पट्टीत गायची
आणि तालमी तिच्याच माजघरात व्हायच्या.
केकी गझदर गिटारवर,
सहांतली एक तार सायकलच्या ब्रेकची.
ऑस्बर्ट कुटिन्हो ड्रम्सवर, काव्हेलच्या गल्लीतला,
दिवसा बंदरात क्रेन चालवणारा.
मी गेटवर, तिकिटं फाडायला. पाच रुपये.
एकशे बारा माणसं, त्यातली तेरा फुकट.

तिसऱ्या गाण्यात वीज गेली.
गिटार मुकी, बेस मुका.
केकीनं हासडलेली शिवी मात्र
शेवटच्या पायरीपर्यंत पोचली.
ऑस्बर्ट थांबला नाही.
ड्रमला कुठे लागते वीज!
काळोखात तो वाजवत राहिला,
मग पायऱ्या वाजायला लागल्या,
तळहात, चपला, कुणाचा तरी जेवणाचा डबा.
हे एखाद्या थंड शहरात झालं असतं
तर छापून आलं असतं.

मग नर्स आली,
टॉर्चचा उजेड आपल्याच बुटांवर धरून.
मला म्हणाली,
पलीकडे एक बाई आहे, शेवटचं चाललंय.
काहीतरी सांगतेय,
मुलाला ऐकू येत नाहीये.

मी मंचावर गेले, ऑस्बर्टच्या कानाशी वाकले.
त्यानं ठेका पुराही केला नाही.
झांजेवर तळहात ठेवला,
पडलेली थाळी वाजत राहू नये म्हणून धरतात, तसा.
का, ते पहिल्या रांगेनं दुसरीला सांगितलं,
दुसरीनं तिसरीला,
कुजबुज पायरी पायरीनं वर चढली
आणि वर जाऊन संपली.

वीज आली तेव्हा
केकीनं पुढे होऊन अँप्लिफायर बंद केला.
माणसं चपला हातात घेऊन बाहेर पडली.
पैसे परत कुणी मागितले नाहीत.
एकानं मागितले. मी दिले.

पुढे तिथे शांतता क्षेत्राची पाटी लागली,
कायद्यानं, डेसिबल मोजून.
तिच्यासमोरून जाताना मला उगाच वाटतं,
ही आमची उसनवारी आहे.

‘काळी चार’ पुन्हा वाजले नाहीत.
त्या रात्रीमुळे, असं म्हणायला बरं वाटलं असतं.
पण नाही. ड्रम्सचं भाडं थकलं होतं,
केकीचे पर्थचे कागद झाले होते.

मधुसूदन मे महिन्यात गेला.
त्याच्या बायकोनं खारीच्या डब्यातून कॅसेट काढून दिली.
बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर त्या रात्री
मंचाच्या कडेला चालूच राहिला होता.
ठेका, पायऱ्या, चपला,
मग चार मिनिटं काही नाही.
एक खोकला. बंदरातल्या बोटीचा भोंगा.
हेडफोन लावून मी त्या बाईचा आवाज शोधला.
नाही सापडला. तो आमच्यासाठी नव्हताच.

रेडिओला शांतता चालत नाही.
दहा सेकंद काही गेलं नाही
तर लाल दिवा लागतो
आणि यंत्र आपोआप जाहिरात सोडतं.

आज तीन नोंदी वाचल्या.
मग म्हटलं, चौथी, मुंबईची,
आणि कॅसेट लावली,
ऑस्बर्टचा तळहात पडतो तिथून.
नऊ सेकंद मोजले.
खोकला पाचव्याला येतो.